जन्मजात अंधत्व आणि जनुकोपचार

डोळ्यांस आपल्या मराठी भाषेने जेवढा मान दिला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही इंद्रियास क्वचितच दिला असेल. राखण करावयाची ती डोळ्यांत तेल घालून, वाट पाहावयाची ती डोळ्यांत प्राण आणून, आणि लाडके मूल म्हणजे आईच्या डोळ्यांतील तारा. असे असता, ज्या घरी जन्मतःच दृष्टी अधू असलेले मूल येते, त्या घरावर केवढा आघात होत असेल याची कल्पना आमच्या वाचकांनीच करावी. पिढ्यान्‌पिढ्या अशा मुलाच्या आईबापांस वैद्य व डॉक्टर एवढेच सांगत आले की, यावर उपाय नाही. हे उत्तर आता सर्वांशी खरे राहिलेले नाही. जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारावर २०१७ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली व जगाच्या इतिहासात प्रथमच अशा मुलांपैकी काहींस अंधुक प्रकाशात वाट दिसू लागली. हे औषध कसे कार्य करते, कोणास उपयोगी पडते व कोणास पडत नाही, आणि आपल्यासारख्या खेड्यांतील पालकांनी त्यापासून कोणता बोध घ्यावा, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय दूरदेशीचा आहे, असे कोणी समजू नये. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या नेत्रतज्ज्ञांनी त्या शहराजवळील आठ खेड्यांत घरोघर फिरून तीस वर्षांवरील ४७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले. दृष्टिपटल हळूहळू झिजविणारा 'रेटिनायटिस पिग्मेंटोजा' नावाचा आनुवंशिक विकार त्यांत सुमारे साडेसातशे माणसांमागे एकास आढळला. जगात सामान्यतः हे प्रमाण चार हजारांमागे एक असे धरले जाते. या एका पाहणीवरून केदारखेडा, राजूर किंवा भोकरदन येथील रुग्णांचा आकडा मांडणे योग्य होणार नाही. तथापि हा विकार आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांत आहे व तो तितकासा विरळ नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

प्रथम डोळ्याची रचना पाहू. पुढच्या बाजूस पारदर्शक बुबुळ, त्यामागे भिंग, आणि सर्वांत मागे अतिशय पातळ असा पडदा, ज्यास दृष्टिपटल म्हणतात. भिंग प्रकाश एकत्र करते. परंतु पाहण्याचे खरे काम दृष्टिपटलाचे होय. म्हाताऱ्या माणसांस होणारा मोतीबिंदू हा भिंगाचा विकार आहे. गढूळ झालेले भिंग काढून तेथे दुसरे बसविले की दृष्टी परत येते. डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव घरोघर झाले ते याच शस्त्रक्रियेमुळे. परंतु पडदाच निकामी असेल, तर भिंग कितीही स्वच्छ असले तरी उपयोग नाही. यास्तव "अमक्याच्या आजोबांस शस्त्रक्रियेने दिसू लागले, मग या मुलास का दिसू नये?" हा प्रश्न ऐकणारास बरोबर वाटला, तरी त्यात दोन वेगळ्या रोगांची गल्लत झालेली असते.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी असून त्या अंधुक प्रकाशात काम करतात. शंकुपेशी सुमारे साठ लक्ष असून रंग व बारीक अक्षरे यांचे ज्ञान त्यांच्यामुळे होते. या पेशींच्या पाठीशी रंजक पेशींचा एक थर असतो. तो स्वतः पाहत नाही. पाहणाऱ्यांची सेवा करतो. आमच्या विषयाचे मर्म या सेवकांच्या कामात आहे.

दंडपेशीत 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसविलेला असतो. त्यावर प्रकाश पडताच तो सरळ होतो, आणि त्या हालचालीतून मेंदूकडे जाणारा संदेश निघतो. सरळ झालेला रेणू मात्र पुन्हा कामास येत नाही. तो मागच्या रंजक थरात न्यावा लागतो, तेथे त्यास पुन्हा वाकवावे लागते व मग तो दंडपेशीत परत येतो. जुन्या विहिरीवरील रहाटगाडगे ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात हे तत्काळ येईल. भरलेले गाडगे वर येते, पाटात पाणी ओतते, आणि रिकामे होऊन पुन्हा खाली जाते. रिकामी गाडगी खाली जाण्याचे थांबले, तर विहीर तुडुंब असूनही पाटात पाणी येणार नाही.

याच दृष्टांतावरून रातांधळेपणाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. आहारात 'अ' जीवनसत्त्व कमी पडले, तर संध्याकाळनंतर दिसेनासे होते. ही विहीर आटली असे समजावे. हिरव्या पालेभाज्या, पपई, गाजर, दूध, अंडी किंवा डॉक्टरांनी दिलेली मात्रा यांनी ती पुन्हा भरते. दुसऱ्या प्रकारात विहीर भरलेलीच असते, परंतु रहाट मोडलेला असतो. तेथे कितीही गाजरे खाऊ घातली तरी गुण येत नाही. उलट डॉक्टरांस न विचारता जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा केला, तर यकृतास अपाय होतो. आमच्या खेड्यांत या दोहोंस एकच नाव असल्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या मुलाची बहुमोल वर्षे पहिल्या प्रकारचे उपाय करण्यात निघून जातात.

रहाट मोडतो कसा? आपल्या प्रत्येक पेशीत शरीर घडविण्याच्या सूचनांची एक मोठी पोथी असते. तिच्यात सुमारे वीस हजार प्रकरणे आहेत. त्यांस जनुके म्हणतात. प्रत्येक प्रकरणाच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकविणारे द्रव्य तयार करण्याची सूचना 'आर.पी.ई. ६५' नावाच्या जनुकात असते. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर ते द्रव्य नीट तयार होत नाही व मूल बालपणापासूनच अंधारात चाचपडू लागते. अशा जन्मजात अंधत्वाचे वर्णन जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८६९ साली केले. म्हणून त्यास लेबरचे जन्मजात अंधत्व असे नाव पडले. ते पंचवीसहून अधिक निरनिराळ्या जनुकांच्या दोषांमुळे होऊ शकते, आणि 'आर.पी.ई. ६५' हे त्यांपैकी केवळ एक आहे.

दोन्ही प्रती सदोष असल्याविना रोग होत नाही, या नियमाचे बीज आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ब्रुन येथील मठात राहून शाळेत शिकविणारे ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करून १८६६ साली ते प्रसिद्ध केले. बापाजवळ एक चांगली व एक सदोष प्रत, आईजवळही तशीच. दोघांनाही स्वच्छ दिसते, दोघांनाही आपल्यातील दोषाची वार्ता नाही. त्यांच्या प्रत्येक अपत्यास दोन्ही सदोष प्रती मिळण्याचा संभव चारांत एक असतो. हा डाव प्रत्येक वेळी नव्याने मांडला जातो. पहिले मूल अंध झाले म्हणून पुढची तीन खात्रीने डोळस होतील असे नाही, आणि पुढचेही अंधच होईल असेही नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. असे मूल जन्मले की दोष बहुधा आईच्या पदरी येतो. तिने ग्रहण पाळले नाही, तिने विळी हाती धरली, तिचा पायगुण वाईट, असे बोलणारी तोंडे प्रत्येक गावात असतात. वर सांगितलेल्या हिशेबाकडे पाहावे. या रोगात बापाचा वाटा आईच्या वाट्याइतकाच असतो, आणि दोघांनीही तो जाणूनबुजून दिलेला नसतो. हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे व ग्रहणाची छायाही नव्हे. दृष्टिपटलाच्या काही अन्य विकारांत वारशाची रीत निराळी असते, परंतु अपराधी ठरविण्यासारखे तेथेही कोणी नसते. जी माउली रात्रंदिवस त्या मुलाचा हात धरून चालते, तिला शब्दांनी घायाळ करणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रूरपणाही आहे.

मात्र एका रूढीचा विचार करणे अवश्य आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत आहे. एकाच आजा-आजीची नातवंडे असलेल्या वधूवरांत जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे कुळात दडून राहिलेली एखादी सदोष प्रत दोन्हीकडून एकाच मुलाकडे येण्याचा संभव वाढतो. अशा प्रत्येक विवाहातून रोगी संतती होते असे मुळीच नाही. परंतु ज्या घराण्यात एखादे मूल जन्मांध आहे किंवा तरुणपणी दृष्टी गेलेली माणसे आहेत, त्यांनी नात्यात सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आता औषधाकडे वळू. सदोष प्रत खोडून काढता येत नसेल, तर तिच्या जोडीला एक शुद्ध प्रत पेशीत पोहोचवावी, ही कल्पना बोलावयास सोपी आहे. पोहोचवावयाची कोणी? येथे शास्त्रज्ञांनी विषाणूची योजना केली. पेशीत शिरण्याची कला विषाणूइतकी कोणासही साधलेली नाही. माणसास ज्यापासून कोणताही रोग होत असल्याचे ठाऊक नाही असा एक अतिसूक्ष्म विषाणू त्यांनी निवडला, त्याच्या पोटातील स्वतःची जनुके काढून टाकली, आणि तेथे 'आर.पी.ई. ६५' ची शुद्ध प्रत भरली. शस्त्रक्रियेच्या वेळी अत्यंत बारीक सुईने दृष्टिपटलाच्या मागे ०.३ मिलिलिटर द्रव सोडतात. तेवढ्या थेंबांत असे पंधरा हजार कोटी वाहक असतात. ते रंजक पेशींत शिरून शुद्ध प्रत तेथे ठेवतात व पेशी त्या प्रतीवरून आवश्यक द्रव्य तयार करू लागते. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया निदान सहा दिवसांनंतर करतात. रहाट दुरुस्त झाला की विहिरीचे पाणी पुन्हा पाटात येऊ लागते.

ही किमया एका दिवसात साधलेली नाही. ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत हाच दोष निसर्गतः आढळतो. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा तीन जन्मांध कुत्र्यांवर उपचार करून त्यांस दृष्टी आल्याचे प्रसिद्ध केले. २००७ साली लंडन व फिलाडेल्फिया येथे माणसांवर प्रथम प्रयोग सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या कार्यात डॉ. जीन बेनेट व त्यांचे पती डॉ. अल्बर्ट मॅग्वायर हे अग्रणी होते. तेथे आठ ते चव्वेचाळीस वर्षे वयाच्या बारा जणांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत २००९ साली निघाला. त्यात सर्वांत अधिक लाभ लहान मुलांस झाल्याचे दिसून आले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या लेखाचे सार तीतच आहे.

पुढे मोठी परीक्षा झाली. जमिनीवर बाण काढून व वाटेत अडथळे ठेवून एक मार्ग तयार करण्यात आला व निरनिराळ्या प्रकाशात रोग्यांस त्यावरून चालावयास सांगितले. उपचार घेतलेल्या वीस जणांपैकी तेरा जण एका वर्षानंतर सर्वांत मंद प्रकाशातही तो मार्ग चालून गेले. हा प्रकाश म्हणजे रात्री निजताना लावून ठेवलेल्या बारीक दिव्याइतका. ज्यांस त्या अवधीत उपचार दिलेले नव्हते, त्यांतील एकासही ते साधले नाही. याच पुराव्यावरून डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन सरकारने 'लक्सटर्ना' या नावाने हे औषध मान्य केले.

या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत; कारण अर्धवट बातमीवरून बांधलेली आशा मागाहून फार दुःख देते. पहिली मर्यादा अशी की, हे औषध 'आर.पी.ई. ६५' च्या दोषावरच चालते. दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार अडीचशेहून अधिक जनुकांशी निगडित आहेत. शिवाय तो वाहक विषाणू म्हणजे लहानसा छकडा होय. काही जनुके इतकी मोठी आहेत की, ती त्यात मावतच नाहीत. दुसरी मर्यादा अशी की, औषध जिवंत पेशींसच सुधारते. मेलेल्या पेशी ते उठवीत नाही. या रोगात पेशी वर्षानुवर्षे मरत असतात. म्हणून लहान वयात लाभ अधिक व उशीर झाल्यास कमी. तिसरी मर्यादा म्हणजे डोळा पूर्ण निरोगी होत नाही, व शस्त्रक्रियेत मोतीबिंदू, पडद्यास इजा, डोळ्यातील दाब वाढणे असे धोके असतात. लंडनच्या प्रयोगातील काही रोग्यांचा लाभ थोड्या वर्षांनी ओसरू लागल्याचेही २०१५ साली प्रसिद्ध झाले.

आणि चौथी मर्यादा पैशाची. मान्यतेनंतर दोन्ही डोळ्यांच्या औषधाची किंमत साडेआठ लक्ष डॉलर जाहीर झाली. त्या वेळच्या दराने हे सुमारे साडेपाच कोटी रुपये होतात. पूर्णाकाठचा कापूस व मका पिकविणारा शेतकरी हा आकडा ऐकून हात जोडील, यात नवल नाही. तथापि निराश होण्याचेही कारण नाही. रक्तातील कर्करोगावर रुग्णाच्याच पेशींत जनुक घालून करावयाचा उपचार मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास भारत सरकारची मान्यता मिळाली, आणि परदेशातील किमतीच्या सुमारे दशांशात तो देता येऊ लागला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकारावर पाच रुग्णांस जनुकोपचार दिले व त्यांचा रक्तस्राव थांबल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. हे दोन्ही उपचार डोळ्यांचे नव्हेत, हे खरे. परंतु जनुकोपचार आपल्या देशात, आपल्या लोकांच्या हातून व कमी खर्चात होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

अन्य वाटांनीही शोध चालू आहेत. २०२० साली अमेरिकेत एका रुग्णाच्या डोळ्यातच सदोष जनुक कापून दुरुस्त करण्याचा पहिला प्रयोग झाला. २०२१ साली ज्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नष्ट झाल्या होत्या, अशा एका ५८ वर्षांच्या गृहस्थाच्या उरलेल्या पेशींत प्रकाशग्राही जनुक घातल्याचे, आणि विशेष चष्म्याच्या साहाय्याने तो समोरील मेजावरील वस्तू ओळखू लागल्याचे प्रसिद्ध झाले. आज ज्यांस औषध नाही, त्यांस उद्या मिळणारच नाही असे यामुळे म्हणता येत नाही. मात्र ज्यास आपला रोग कोणत्या जनुकाचा आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या दाराशी उद्याचे औषध आले तरी ते त्याचे आहे की नाही हे कोण सांगणार?

म्हणून पालकांनी आजच करावयाच्या काही गोष्टी आहेत, आणि त्यांस कोटी रुपये लागत नाहीत. तान्हे मूल दोन-तीन महिन्यांचे होऊनही आईच्या चेहऱ्याकडे नजर लावीत नसेल, त्याची बुबुळे सतत हलत असतील, किंवा ते मुठींनी वारंवार डोळे दाबीत असेल, तर थांबू नये. मोठे मूल दिवेलागणीनंतर उंबऱ्यास अडखळते, वीज गेली की जागचे हलत नाही, बाजूने येणारे जनावर त्यास दिसत नाही, अशी चिन्हे असल्यास त्यास वेंधळे म्हणून रागावू नये. नेत्रतज्ज्ञाकडून पडद्याची तपासणी करवावी. राजूरवरून जालन्यास जाणे आपणांस अवघड नाही, आणि जालन्याचे श्री गणपती नेत्रालय तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पुढील परीक्षेत पडद्याचा विद्युत्-आलेख काढतात व रक्तावरून जनुकाची तपासणी करवितात. तिच्या कागदाची प्रत जपून ठेवावी, जशी आपण सातबाऱ्याची ठेवतो. भावंडांचेही डोळे दाखवावेत. आणि "खात्रीने दृष्टी आणतो" अशी जाहिरात करून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. खऱ्या प्रयोगात सामील होणाऱ्या रोग्यास धोके प्रथम समजावून सांगतात व त्याची लेखी संमती घेतात.

औषध येईपर्यंत मुलाचे शिक्षण थांबवू नये. छप्पनच्या दुष्काळाच्या सुमारास, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. दादरची ती अंधशाळा पुढे कमला मेहता यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले गेले. त्या काळी जनुक हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. तरी त्या मुली शिकल्या. आज ब्रेल लिपी आहे, बोलणारी यंत्रे आहेत, परीक्षेत लेखनिक व अधिक वेळ मिळण्याची सोय आहे. डोळ्यांनी साथ दिली नाही म्हणून बुद्धीचे दार लावून घेण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटी विद्यार्थिमित्रांस एक विनंती. तुमच्या वर्गात एखादा सोबती फळ्यावरील अक्षरे चुकीची वाचीत असेल, संध्याकाळी खेळताना चेंडू त्यास दिसत नसेल, तर त्याची थट्टा करू नका. त्यास पुढच्या बाकावर जागा द्या, अंधार पडल्यावर घरापर्यंत सोबत करा, आणि आपल्या शिक्षकांस ती गोष्ट सांगा. या रोगात वेळेस फार मोल आहे. तुमच्या एका शब्दामुळे एखाद्या मुलाची तपासणी पाच वर्षे आधी झाली, तर त्याच्या डोळ्यांतील तेवढ्या जिवंत पेशी पुढे येणाऱ्या औषधासाठी शिल्लक असतानाच त्याच्या रोगाचे नाव कळलेले असेल.